उडालेलं मोहोळ

सालामांका, ८ जानेवारी

प्रिय निएवेस,

हे पत्र तू इतक्यात वाचणार नाहीस, हे मला ठाऊक आहे. तोंडी परीक्षा होईपर्यंत घरचं पत्र नाही, घरचा फोन नाही आणि नवरा तर मुळीच नाही, असा तुझे गुरुजी डॉन सेवेरो यांचा दंडक. तुझ्या पेत्रामावशीनं मला तिच्या घरची, म्हणजे तुझ्या मुक्कामाची, व्यवस्थाही सांगितली आहे. माझी पाकिटं ती पिठाच्या डब्यामागे ठेवणार आणि तू परीक्षा देऊन आलीस की गठ्ठ्यानं हातात देणार. म्हणजे लेखक आणि वाचक यांच्यात पिठाचा डबा. मला हे नवं नाही. संस्कृत शिकवणाऱ्याला वाचक उशिराच मिळतात.

तू वायादोलिदला गेल्यापासून स्वयंपाकघर मुकं झालं आहे. भांड्यांच्या कपाटाशी पाठ लावून, हातात घड्याळ धरून तू विषय गायचीस. तुम्ही नोटरीचे उमेदवार त्याला गाणंच म्हणता. सूर नसतो, श्वासही फारसा नसतो. थैलीतून आकड्याची गोटी निघाली की त्या आकड्याचा विषय, कलमं आणि अपवादांसकट, धबधब्यासारखा ओतायचा. मला त्याचं अप्रूप नव्हतं. तरुणपणी पुण्यात दोन वर्षं मी शास्त्रीबुवांपुढे मांडी घालून असाच ओतत होतो. बुवा डोळे मिटून ऐकत आणि चूक झाली की फक्त एक बोट वर करत. मीही तुझ्यासाठी तेच केलं. डोळे मिटले आणि बोट वर केलं. शब्दही बोललो नाही. एवढ्यावरून कुणी घर सोडतं?

तू म्हणशील, घर सोडलं नाही, अभ्यासाला गेले. बरं, तसं. दोन वर्षं इथून गाडीनं त्यांच्याकडे जाऊन येत होतीस, आता मुक्कामालाच गेलीस. वीस वर्षं तू दुसऱ्याच्या कचेरीत दस्त लिहिलेस आणि खाली सही दुसऱ्यानं केली. ज्याच्या सहीवाचून या देशात माणसाला घर घेता येत नाही आणि नीटसं मरताही येत नाही, तो नोटरी व्हायचं तू ठरवलंस. ती कचेरीही सोडलीस. पहिल्या खेपेला ‘मी माघार घेते’ म्हणून आपणच उठलीस, दुसऱ्या खेपेला अध्यक्षांनी मधेच घंटी वाजवून तुला उठवलं. ही तिसरी, आणि तूच म्हणालीस की शेवटची. हे सगळं मला मान्य आहे. अमान्य आहे ते दारातलं तुझं शेवटचं वाक्य. ‘डॉन सेवेरो ऐकतात तसं जगात कुणी ऐकत नाही,’ म्हणालीस आणि बॅग उचललीस.

मीही त्याच जगात राहतो, निएवेस.

तुझे सगळे विषय मी विसरलो, एक सोडून. मधमाश्यांचं मोहोळ उडालं तर मालकाला दुसऱ्याच्या जमिनीवर जाऊन त्याचा पाठलाग करता येतो. जमिनीला कुंपण असेल तर तिथल्या धन्याची परवानगी लागते. आणि मालकानं लागोपाठ दोन दिवस पाठलाग सोडला, तर मोहोळ ज्याच्या जमिनीवर बसलं त्याचं. कायदेपंडितांनी हे कलम लिहिलं तेव्हा त्यांच्यापैकी कुणाची तरी बायको अभ्यासाला गेलेली असणार.

तुझा,
एलोय

सालामांका, २६ जानेवारी

प्रिय निएवेस,

मी तुला फोन करायचा नाही, असा नियम आहे. मावशीला करायचा नाही, असा नाही. कायद्याचा अर्थ असाच काढायचा असतो ना?

‘जावईबापू, तुमचं दुसरं पाकीट कधी येणार?’ मावशीनं विचारलं. ‘एकाच पाकिटाला टेकायला काही नाही, सारखं खाली पडतं.’

‘निएवेस कशी आहे?’

‘आंघोळ करताना बडबडते, जेवताना बडबडते. काल मी विचारलं, मीठ हवं का, तर म्हणाली, “परंतु पुढील बाबी वगळून.” मी मीठ ठेवलं आणि बाहेर गेले.’

‘आणि ते डॉन सेवेरो?’

इथं मावशी थांबली. मावशी थांबते तेव्हा तिला मजा येत असते.

‘सज्जन माणूस,’ ती म्हणाली. ‘परवा अक्रोड दिले तिच्याबरोबर. त्यांच्या भावाच्या शेतातले. मंगळवारी आणि शुक्रवारी जाते ती त्यांच्याकडे. निळा कोट घालते.’

‘निळा कोट? तो तर माझ्या आईच्या अंत्यविधीला घेतला होता.’

‘मग काय झालं? चांगला दिसतो तिला. आणि जावईबापू, ते विधुर आहेत हं. हे मी आपलं माहितीसाठी सांगते.’

माहितीसाठी! मावशीनं आयुष्यात एकही गोष्ट माहितीसाठी सांगितलेली नाही.

फोन ठेवल्यावर मी वर्गात गेलो. माझे चारही विद्यार्थी हजर होते, हा योग विरळा. शिकवायचं दुसरंच होतं, पण मी त्यांना मत्सर, असूया आणि ईर्ष्या यांतला फरक समजावत बसलो. दुसऱ्याकडे काही चांगलं आहे हे सहन न होणं म्हणजे मत्सर. त्याच्या गुणांतही दोष काढत बसणं म्हणजे असूया. आणि आपलं माणूस दुसरीकडे बघताना पोटात जे होतं ती ईर्ष्या. मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, ‘सर, एकाच माणसाला एकाच वेळी तिन्ही होऊ शकतात का?’ मी म्हटलं, ‘मूळ ग्रंथांत तसं उदाहरण नाही.’ ग्रंथांत नाही हे खरंच आहे. ग्रंथकारांना मावशा नव्हत्या.

तूर्त असूयेचा अभ्यास चालू आहे. तुझ्या डॉन सेवेरोंविषयी चौकशी केली. नामांकित नोटरी होते. कचेरीला गर्दी असताना, वय शिल्लक असताना, एके दिवशी अचानक निवृत्त झाले. कारण कुणाला माहीत नाही. चांगल्या माणसाच्या निवृत्तीला कारण असतं. मी सध्या तीन कारणं योजून ठेवली आहेत, तिन्ही अपकीर्तिकारक.

अक्रोड जपून खा. तुला दाढेचा त्रास आहे, हे त्यांना माहीत नसेल. मला माहीत आहे.

तुझा (कायद्यानं अजूनही),
एलोय

सालामांका, ११ फेब्रुवारी

निएवेस,

काल मी वायादोलिदमध्ये होतो. विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम होतं. तू हे वाचशील तेव्हा त्या ग्रंथालयात संस्कृतचं एकही पुस्तक नाही हे तुझ्या लक्षात येईल, म्हणून ते वाक्य मागे घेतो.

तुझ्या गुरुजींच्या घरासमोर एक बार आहे. त्यांचा अभ्यासाचा दिवाणखाना तळमजल्यावर आणि पडदे उघडे. नोटरीची सवय असावी, सगळं साक्षीदारांसमक्ष. मी खिडकीजवळ बसलो, लसणाचं सार मागवलं आणि वर्तमानपत्र उभं धरलं. असं लपणारा माणूस मी फक्त सिनेमात पाहिला होता आणि तिथंही तो मला मूर्ख वाटला होता.

तू आलीस. निळा कोट. मंगळवार होता. तू त्यांच्यासमोर बसलीस, घड्याळ मेजावर ठेवलंस आणि तुझे ओठ सुटले. काचेपलीकडून आवाज येत नव्हता. तुझी मान ताठ होती, हात मांडीवर स्थिर. आपल्या स्वयंपाकघरात तू सारखी हाताशी चाळा करायचीस, कपाटाच्या मुठीला, एप्रनच्या नाडीला. इथं नाही. इथं तू एखाद्या नदीसारखी चाललीस आणि मी काचेआड सार गार करत बसलो.

आणि ते? निएवेस, त्यांनी हनुवटी हातावर टेकवली होती, थोडं पुढे झुकले होते आणि तुझ्या ओठांवरून त्यांची नजर एकदाही हलली नाही. घड्याळाकडे नाही, पुस्तकाकडे नाही. तुझ्या ओठांकडे. चेहऱ्यावर रेषा नाही. मी सार पुरं थंड होईपर्यंत बघत होतो. पापणीसुद्धा काटकसरीनं लवत होती.

बारचा मालक ग्लास पुसत माझ्या शेजारी उभा राहिला. आंद्रेस त्याचं नाव. भल्या मनाचा माणूस आहे, त्याला मारून काही फायदा नव्हता.

‘आठवड्यातून दोनदा असतं हे,’ तो म्हणाला. ‘बाई बोलतात, ते बघतात. माझी बायको बोलायला लागली की मी फुटबॉल लावतो. आणि हा गृहस्थ बघा. जणू तिच्या तोंडातून मोती पडतायत आणि हा मोजतोय.’

‘ती अभ्यास करते,’ मी म्हटलं. ‘कायद्याचा.’

‘असेल की. आम्हीही लग्नाआधी अभ्यासच करत होतो.’ मग त्याला माझा चेहरा दिसला असावा. ‘तुम्ही ओळखता काय त्यांना?’

‘मोहोळाचा मालक आहे,’ मी म्हटलं.

त्यानं मला साराचे पैसे लावले नाहीत. वेड्यांकडून घेत नसावा.

तू उठलीस तेव्हा ते दारापर्यंत आले, तुझ्याकडे तोंड करून काही बोलले आणि तू हसलीस. ते हसू मी ओळखतो. ते आपण सेगोव्हियाला भाड्याच्या खोलीत राहत होतो तेव्हाचं आहे. मला वाटलं होतं ते बंद पडलं. ते बंद पडलं नव्हतं, फक्त त्याचा पत्ता बदलला होता.

गाडीत मी ठरवलं की आता कुंपणाच्या आत जायचं. परवानगी मागून.

एलोय

सालामांका, ५ मार्च

निएवेस,

आज जे झालं ते क्रमानं लिहितो, कारण अक्रमानं ते माझ्यावरच उलटतं.

आज गुरुवार, म्हणजे तुझा वार नाही. मी डॉन सेवेरोंच्या दारावरची घंटा दाबली. आत घंटा वाजल्याचं ऐकू आलं आणि त्याच क्षणी दिवाणखान्यातला दिवा दोनदा उघडमीट झाला. मला वाटलं, जुन्या घराची वायरिंग. दार उघडलं. उंच, पांढरी दाढी, घरातही टाय.

‘मी एलोय. निएवेसचा नवरा.’

‘या, या. तिथं बसा, उजेडाकडे तोंड करून. तुमच्याबद्दल त्या फार बोलतात.’

‘काय बोलतात?’

‘की तुम्हाला सगळं ऐकू येतं,’ ते म्हणाले. ‘भाग्यवान आहात.’

हा टोमणा आहे असं मी धरलं. माझ्या बायकोनं माझी केलेली तक्रार माझ्याच तोंडावर, प्रशंसेच्या ताटात वाढून. ते कॉफी ठेवायला आत गेले, परत आले, आणि मी आलो तेव्हा उराशी बाळगलेलं भाषण करायला उठलो. पण समोरासमोर करवेना. मी पुस्तकांच्या कपाटाकडे वळलो, हात पाठीशी बांधले आणि कायद्याच्या पुस्तकांच्या कण्यांना उद्देशून बोललो.

निएवेस, ते भाषण उत्तम होतं. असं मी वर्गात कधी बोललो नाही. मी म्हटलं की साहेब, तुम्ही विधुर आहात आणि मला तुमच्या एकटेपणाविषयी आदर आहे, पण माझ्या बायकोच्या ओठांकडे तुम्ही ज्या पद्धतीनं बघता ती पद्धत कुठल्याही कलमात बसत नाही. मी म्हटलं की अक्रोड देणं थांबवा. मी म्हटलं की तिचं हसू माझं आहे, निदान त्यावर माझा जुना ताबा आहे. शेवटी माझा आवाजही चढला, ‘तुम्हाला लाज वाटत नाही का?’ असं मी एका जाड कोशाला विचारलं.

मग वळलो.

ते माझ्याकडे अतिशय सौम्यपणे बघत होते. ‘आवडली का पुस्तकं?’ त्यांनी विचारलं. ‘वरच्या खणात काही जुनी आहेत. साखर किती?’

मी खाली बसलो. एवढा थोर अपमान माझा कुणी केला नव्हता. शांतपणे, साखर विचारून! मनात आलं, हा माणूस खरोखर मोठा आहे, आपण याच्यापुढे कोण, आणि निएवेसनं योग्यच केलं. मत्सराची गंमत अशी की तो एका पायरीनंतर भक्तीसारखा दिसायला लागतो.

तेवढ्यात आतून कॉफीचं भांडं खदखदू लागलं. मग फसफसलं. मग गॅसवर उतू जाऊन चरचरलं आणि जळका वास आला. डॉन सेवेरो माझ्यासमोर बसून यंदाच्या थंडीबद्दल बोलत होते.

‘कॉफी,’ मी म्हटलं.

‘हो, होईलच आता.’

‘उतू जातेय.’

माझे ओठ बघून ते धडपडत आत पळाले. तेव्हा मला दिवा आठवला, घंटेबरोबर उघडमीट झालेला. ‘उजेडाकडे तोंड करून बसा’ आठवलं. आणि माझं ते भाषण, त्यातलं अवाक्षरही त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं, हे कळलं तेव्हा मला हसावं की रडावं समजेना.

ते फडकं घेऊन परतले आणि माझा चेहरा त्यांनी वाचला. तो वाचायला कान लागत नाहीत.

‘कळलं तुम्हाला,’ ते म्हणाले.

‘कधीपासून?’

‘ऐकू येणं हळूहळू गेलं. एक म्हातारी घर विकायला आली होती. दस्त मी वाचून दाखवला, विचारलं, मान्य आहे? तिनं मान खाली घालून काहीतरी म्हटलं. हो म्हणाली की नको, मला कळलं नाही. मी दुसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं, तिला वाटलं मी तिच्यावर संशय घेतोय. ती रडायला लागली. त्या आठवड्यात मी शिक्का परत केला. ज्याला होकार ऐकू येत नाही, त्यानं सही कशावर करायची?’

‘आणि शिकवणी?’

‘विषय मला पाठ आहेत. ओठांवरून कोण कुठं घसरलं ते दिसतं. पण मुलांना कळलं तर कोण येईल? गाणं ऐकायला बहिरा गुरू!’ मग ते पुढे झुकले. ‘निएवेसला माहीत नाही. परीक्षेआधी कळलं तर ती मोडेल. गेली दोन वर्षं तिनं जो विश्वास बांधलाय तो माझ्या ऐकण्यावर बांधलाय. तुम्ही शब्द द्या.’

मी शब्द दिला नाही. कोट उचलला आणि निघालो.

‘डॉन सेवेरो ऐकतात तसं जगात कुणी ऐकत नाही.’ स्टेशनापर्यंत मी हे वाक्य मनात म्हणत होतो आणि प्रत्येक वेळी ते जास्त गोड लागत होतं. लाज वाटावी इतकं गोड.

एलोय

सालामांका, ९ मार्च

निएवेस,

काल रविवार, तुझा सुट्टीचा दिवस. मी मावशीला फोन केला.

‘ती इथंच आहे,’ मावशी म्हणाली. ‘केस वाळवतेय. जावईबापू, आवाज कसातरी येतोय तुमचा. काय झालं? देऊ का तिला? सेवेरोंना मी सांगणार नाही. गॅसवर हात ठेवून शपथ घेते.’

पलीकडे तुझं केस वाळवण्याचं यंत्र घोंघावत होतं. आणि त्या आवाजावर चढून तू गात होतीस. विधवेचे हक्क चालले होते, तो लांबलचक विषय. मी आपसूक ऐकायला लागलो. तो नेहमीचा अपवाद तू गाळलास. माझं बोट वर झालं. रिकाम्या घरात, फोन धरून उभा राहून, मी बोट वर केलं.

‘देऊ का?’ मावशीनं पुन्हा विचारलं.

एका वाक्याचं काम होतं. ‘तुझा गुरू बहिरा आहे.’ तू पंधरवड्यावर आलेली परीक्षा टाकून आली असतीस, किंवा परीक्षेत मधेच थबकून उठली असतीस. आणि मग आयुष्यभर या स्वयंपाकघरात राहिली असतीस, माझ्याजवळ, ज्याला सगळं ऐकू येतं. मला हे हवं होतं. खोटं कशाला लिहू? हे सगळं चित्र मला एका क्षणात दिसलं आणि आवडलं. चित्रात फक्त तू हसत नव्हतीस.

‘नको,’ मी म्हटलं. ‘लोकरी मोजे कुठे ठेवलेत ते विचारायचं होतं.’

‘मार्चमध्ये?’

‘थंडी आहे.’

मावशीनं ओरडून विचारलं. यंत्र थांबलं. ‘खालच्या खणात!’ तुझा आवाज आला. मग थोडं थांबून, ‘तो जेवतोय ना नीट?’

मी फोन ठेवला. मोजे खालच्या खणातच होते. मला ते आधीपासून माहीत होतं.

परीक्षेला मी येणार नाही असं ठरवलं आहे. तोंडी परीक्षा सर्वांना खुली असते, कुणीही मागे बसून ऐकावं असा आपल्याकडचा रिवाज. म्हणूनच येणार नाही.

एलोय

माद्रिदहून परतताना, गाडीत, २३ मार्च

प्रिय निएवेस,

आलो, हे तू पाहिलंसच.

मी सर्वांत मागे बसलो होतो, एका धष्टपुष्ट बाईंच्या आडोशाला. त्यांचा मुलगा तुझ्यानंतर होता आणि त्या रुमालाला गाठी मारत होत्या. डॉन सेवेरो पहिल्या रांगेत, कडेला, तुझं तोंड नीट दिसेल असे. व्यासपीठावर काळ्या झग्यांची रांग, अध्यक्षांच्या हाताशी घंटी. तू थैलीत हात घातलास, गोट्या काढल्यास, आकडे वाचले गेले. निळ्या कोटाचं वरचं बटण तू लावलं नव्हतंस.

तू चांगली चाललीस. मग मोहोळ आलं. मला ते येणार याची खात्री होती, का ते विचारू नकोस. मालकाला पाठलागाचा हक्क आहे, दुसऱ्याच्या जमिनीवरसुद्धा, नुकसानभरपाई देऊन, आणि, आणि तू थांबलीस.

तू डॉन सेवेरोंकडे पाहिलंस. ते हनुवटी हातावर टेकवून तुझ्या ओठांकडे बघत होते, ओठ हलत नव्हते, म्हणून ते वाट बघत होते. चेहऱ्यावर रेषा नाही. अध्यक्षांचा हात घंटीजवळ सरकला. तू नजर उचललीस, ती रांगांमागून रांगा ओलांडत आली, आणि त्या बाईंच्या खांद्यावरून मी तुला दिसलो.

निएवेस, माझं बोट वर येत होतं. ते मला विचारत नाही. मी उजवा हात मांडीखाली घातला आणि त्यावर बसलो. मग डावाही घातला, भरवसा नको म्हणून. चेहऱ्याचं काय करावं कळेना, तेव्हा डॉन सेवेरोंचा आठवला आणि तसा करायचा प्रयत्न केला. बहुधा पोट दुखल्यासारखा झाला असेल. तुझ्या ओठांचा एक कोपरा हलला.

‘जमिनीला कुंपण असेल,’ तू म्हणालीस, ‘तर आत शिरण्यासाठी धन्याची परवानगी आवश्यक.’ आणि मग तू थांबली नाहीस. उरलेलं सगळं तू माझ्याकडे, म्हणजे मागच्या भिंतीकडे बघून गायलीस. घंटी वाजली नाही.

बाहेर व्हरांड्यात डॉन सेवेरोंनी माझी बाही धरली. ‘मान वर केली तिनं,’ ते म्हणाले. ‘दूर बघून बोलली. शेवटचा सगळा भाग मला दिसला नाही. कशी झाली? खरं सांगा.’

दोन महिने मी या क्षणाची वाट पाहत होतो, असा क्षण येईल हे माहीत नसताना. मी त्यांना खिडकीशी नेलं, उजेडाकडे तोंड केलं आणि तू काय काय म्हणालीस ते पहिल्यापासून सांगितलं, सावकाश, ओठ नीट उघडून. ते माझ्या ओठांकडे तसेच बघत होते. निएवेस, माझ्याकडे असं कुणी बघितलेलं नाही. त्या नजरेपुढे मीही तुला सोडून गेलो असतो.

यादी दारावर लागली. तुझं नाव त्यात होतं. ते मी तुझ्या आधी वाचलं, पण सांगितलं नाही, तुलाच वाचू दिलं. माझ्या हिशेबी ही मोठी प्रगती आहे.

मग आपण कोपऱ्यावर तळलेले गरम चुरोस चॉकलेटात बुडवून खायला बसलो. डॉन सेवेरो मावशीला फोन करायला, म्हणजे कुणाकडून तरी करवून घ्यायला, गेले होते. मी चॉकलेटच्या कपात बघत म्हटलं, ‘तुला एक सांगायचंय. त्यांच्याबद्दल. आता परीक्षा झाली, तर...’

‘त्यांना ऐकू येत नाही,’ तू म्हणालीस.

माझा चुरो कपात पडला.

‘पहिल्याच हिवाळ्यात कळलं. घसा बसला होता, आवाजच फुटेना. वाटलं, परत जावं. पण बसले आणि नुसते ओठ हलवले. सबंध विषय. ते म्हणाले, “उत्तम. आज आवाजही खणखणीत आहे.”’ तू इतकी हसलीस की शेजारच्या मेजावरचे वळले. सेगोव्हियाचं हसू. ‘मी त्यांना कधी सांगितलं नाही. तूही सांगू नकोस. मला कळलंय हे कळलं तर ते शिकवणं सोडतील.’

‘आणि तरी तू तिथं जात राहिलीस? ज्याला ऐकूच येत नाही त्याच्याकडे?’

‘म्हणून तर जात राहिले, एलोय. तिथं माझा आवाज फक्त मला ऐकू यायचा.’

मी कपातला चुरो चमच्यानं शोधत बसलो.

तू आता मावशीकडे परतली असशील आणि हा गठ्ठा, शेवटचं हे पाकीट सोडून, तुझ्या हातात असेल. पाच मार्चचं पत्र मावशीला मोठ्यानं वाचून दाखवू नकोस. दुसरी तोंडी परीक्षा उन्हाळ्यात, म्हणजे मंगळवार आणि शुक्रवार अजून त्यांचेच. मला त्याचा त्रास होतो, पूर्वीइतकाच, आता तर अधिक, कारण तो माणूस मला आवडतो. रविवार तू मला देऊ केलास. हात मांडीखाली घालून बसायचं, चेहरा करायचा नाही, या अटी मला मान्य आहेत. तेवढं सांगतो की मांडी हल्ली लवकर बधिर होते.

गाडीपर्यंत पोचवायला आलीस तेव्हाचं विसरलो नाही. दार बंद होताना तू विचारलंस, ‘तू तर सगळं ऐकलंस. विधवेच्या हक्कांत मी तो अपवाद पुन्हा गाळला का?’

‘मला काही ऐकू आलं नाही,’ मी म्हटलं.

‘खोटारडा!’ तू फलाटावरून ओरडलीस.

मी कानामागे हात धरला आणि मान हलवली. तेही ऐकू आलं नाही.

तुझा,
एलोय